नोझल, वारा आणि मेहकरचा हरभरा

फवारणीचा पंप घ्यायला आलेला माणूस आधी टाकी वाजवून बघतो. मग पट्टे ओढतो, बॅटरी किती वेळ चालेल ते विचारतो, पंप पाठीवर अडकवून दुकानातल्या दुकानात चकरा मारतो आणि सोबत्याला विचारतो, "कसा दिसायलाय?" सोबती मान डोलावतो आणि सौदा होतो. नोझलकडे कोणी बघत नाही. पंपाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत चार-सहा नोझलं येतात, त्यातलं पहिल्यांदा हाताला लागेल ते बसतं आणि उरलेली पिशवी घराच्या आढ्याला खोचली जाते, ती पुन्हा उंदीरच खाली काढतो.

बोटाच्या पेराएवढी वस्तू ती. बीदर जिल्ह्यातल्या खटकचिंचोळीत माझं पंपांचं दुकान आहे, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही, आणि माझं बहुतेक आयुष्य या पेराएवढ्या वस्तूची वकिली करण्यात गेलं. आता दुकान मुलगा बघतो. मी बाहेर बाकड्यावर बसतो आणि तिथूनच येणाऱ्या-जाणाऱ्याला नोझल दाखव म्हणतो. मुलाचं म्हणणं, मी गिऱ्हाईक पळवून लावतो. असेलही.

शेती न केलेल्या वाचकासाठी थोडं सांगतो. किडीचं औषध पानाच्या पाठीमागे, फांदीच्या बेचक्यात, कीड लपेल तिथं पोचायला हवं. म्हणून त्याचा थेंब बारीक लागतो आणि त्याला कोनाचं नोझल लागतं, ज्याचा फवारा गोल फिरत छत्रीसारखा उघडतो. तणनाशकाचं काम उलटं. ते ठरलेल्या जागीच पडायला हवं. उसात मारायचं औषध उसाला काही करत नाही, पण तेच वाऱ्यावर बसून शेजारच्या तुरीत किंवा हरभऱ्यात गेलं, तर त्या रुंद पानाच्या पिकाला ते तणच समजतं. म्हणून तिथं थेंब जरा जड हवा, खाली बसणारा. त्यासाठी पट्ट्याचं नोझल. त्याच्या तोंडाला गोल भोकाच्या जागी बारीक चीर असते आणि पाणी पसरट पट्ट्यात पडतं. पेरणी झाल्यावर तण उगवायच्या आत उघड्या जमिनीवर मारायचं असेल तर कट नोझल, त्याचा थेंब आणखी मोठा. एवढंच शास्त्र आहे. एका चहात सांगून होतं, पण आमच्या भागात ते पटवायला माझी दाढी पांढरी झाली.

कारण आमच्याकडे फवारा डोळ्याला दिसला पाहिजे. खजुरीला माझी बहीण दिलेली आहे. तिचा दीर मल्लिनाथ एकदा मी दिलेलं पट्ट्याचं नोझल हातात घेऊन माझ्याकडे आला, चेहरा असा की मी त्याला फसवलंय.

"अण्णा, ह्याच्यातून काय बी उडायलं न्हाई. पानी सांडल्यावानी वाटतंय. धूर निघाया पायजे की."

"धूर निघाला की तो कुठं जायचा?"

"वर."

"आन् तन कुठं असतंय?"

त्यानं बराच विचार केला. "ते खरं हाय. तरी बी धूर पायजे."

तो गेला, त्यानं कोनाचं नोझल बसवलं आणि ज्वारीतल्या तणावर मनासारखा धूर केला. धुरानं ज्वारीत थोडा वेळ काढला आणि पुढे तो त्याच्याच बायकोच्या माळव्यात शिरला. वांग्याची पानं चमच्यासारखी वळली, टोमॅटोचे शेंडे पिळून निघाले. बायको तोंडानं काही बोलली नाही, पण घरात माळवं नाही म्हणून त्याच्या ताटात रोज पिठलं पडायला लागलं. शेवटी मल्लिनाथ स्वतः येऊन सगळ्या भावकीसाठी पट्ट्याची नोझलं घेऊन गेला. माझ्या सांगण्यानं जे झालं नाही ते पिठल्यानं केलं.

दुसरा शत्रू बाभळीचा काटा. नोझल तुंबलं की आमचा माणूस बांधावरच्या बाभळीचा काटा मोडतो आणि भोकात घालून फिरवतो. पाणी वाहायला लागतं, तो खूश होतो. पण काट्यानं चीर फाटते, आणि मग पट्ट्याच्या मधोमध औषधाची धार पडते, कडा कोरड्या राहतात. ते दाखवायला माझ्या दुकानापुढची शहाबादी फरशी आहे. उन्हात तापलेल्या फरशीवर साधं पाणी मारायचं आणि बाजूला उभं राहायचं. नोझल चांगलं असेल तर ओला पट्टा सगळीकडून एकदम वाळतो. फाटलेलं असेल तर कडा आधी वाळतात आणि मधली रेघ ओली राहते. लोक माना डोलावतात, दुसऱ्याला बोलावून दाखवतात, आणि जाताना जुनंच नोझल घेऊन जातात, "अजून चालतंय की."

त्या फरशीवर पहिल्याच खेपेला स्वतःहून नोझल तपासून मागितलेलं एकच गिऱ्हाईक माझ्या आठवणीत आहे. ती आमच्या जवळच्या मेहकर गावची चंद्रकला. चंद्राक्का म्हणतात तिला.

तिचा नवरा फवारणीची गुत्ती घ्यायचा, म्हणजे अमुक रान अमुक दामात फवारून देतो असं ठरवून काम करायचा. चंद्राक्का त्याच्या मागे पाणी वाहायची. आमच्याकडे तसंच असतं, बाप्यानं फवारायचं आणि बाईनं घागरी आणायच्या. नवऱ्याची कंबर धरली, त्याला पाठीवर वजन घेता येईना, तेव्हा तिनं पंप उचलला. लोक हसले. ती माझ्या दुकानी आली, पंप पाठीला लावला, पट्टे आखूड करून मागितले, आणि पिशवीतली नोझलं एकेक करून फरशीवर मारून बघितली. तीन बाजूला काढली.

"ही बदलून द्या अण्णा. ह्येंचं मधी जास्त पडायलंय."

कोऱ्या मालाला असं कोणी बोललेलं मला खपत नसे. मी वाकून बघितलं, तर खरंच रेघ ओली राहत होती. मी मुकाट्यानं बदलून दिली.

पुढे तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला. त्यात घराची किल्ली एक, बाकी सगळी नोझलं, पिवळी, निळी, लाल, दोऱ्यात ओवलेली. ती चालायला लागली की खुळखुळ आवाज यायचा. मी तिला फवारताना बघायला म्हणून मुद्दाम मेहकरला गेलेलो आहे. दुसऱ्यांचा हात आरती ओवाळल्यासारखा इकडून तिकडे फिरतो. तिची नळी गुडघ्याच्या उंचीवर ठरलेली असे, हलत नसे, चालायचाच वेग एकसारखा. बांधावर काठी रोवून तिला साडीच्या काठाची चिंधी बांधायची. चिंधी फडफडायला लागली की काम बंद. मालक बांधावरून ओरडायचा, औषध कालवून ठेवलंय म्हणायचा. ही भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसायची. "वारा हाय. आज न्हाई." मला ते बघून फार बरं वाटायचं, उगाच लपवत नाही. माझं म्हणणं कोणीतरी पाठीवर घेऊन रानात चालतंय असं वाटायचं.

तिचा आणखी एक नेम होता. काम झालं की पंप तीन पाण्यानं धुवायचा. एक साधं, एक धुण्याचा सोडा टाकून, पुन्हा एक साधं, आणि प्रत्येक वेळी ते पाणी नळीतून आणि नोझलमधून बाहेर काढायचं. शिवाय स्वतःचा पंप कोणाला द्यायचा नाही आणि कोणाचा घ्यायचा नाही. हे गावाला झोंबलं. आमच्या खेड्यांत पंप, पेरणीची चाडी, पाण्याची मोटार या वस्तू मागून नेण्यासाठीच असतात. न देणाराला शिष्ट म्हणतात. चंद्राक्का शिष्ट ठरली.

याच्या उलट विश्वनाथप्पा. मेहकरातले जुने बागायतदार, गावाचे अप्पा. त्यांचा बॅटरीचा पंप आखाड्यावर, म्हणजे रानातल्या गोठ्यात, खुंटीला टांगलेला असे आणि नाही म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं. कोण नेतो, काय मारतो, कधी आणून टांगतो, अप्पा विचारत नसत. पंप घरी असला की त्यांनाच चुकल्यासारखं व्हायचं. या दोघांच्या मधे मी सांगतो तो प्रसंग घडला.

येळवशीच्या आधीची गोष्ट. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-उदगीरपासून आमच्या बीदर-कलबुर्गीपर्यंत त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी करून आत पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडतात, आणि जेवायला पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि अंबील. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून, लसूण घालून आंबवलेली ती अंबील मातीच्या बिंदगीत भरून डोक्यावरून रानात आणतात. जेवणाआधी रानाचा मालक कोपीभोवती आणि मग रानाच्या चारी कडांनी आरोळ्या देत अंबील शिंपडत फिरतो. ते पीक त्या दिवशी लक्ष्मी असतं आणि आपण तिला पाजतो, अशी समजूत.

त्या सणाच्या तोंडावर अप्पा माझ्या दुकानी आले. उजवा हात जपून धरलेला. बाकड्यावर बसले, चहा घेतला.

"शिवाण्णा, मोठ्या भोकाचं नोझल द्या."

"तनाचं मारायचंय का?"

"न्हाई न्हाई. जरा दाट औषध हाय. बारक्यातून तुंबतंय."

"गाळून घ्या अप्पा, तरी बी तुंबंल."

"घेतो की गाळून." आणि कट नोझल खिशात टाकून ते घाईनं उठले. शेणमुताचं काहीतरी कालवून मारायचं असेल असं मी समजलो. हल्ली बरेच जण मारतात.

सण होऊन काही दिवस गेले होते. मी फरशीवर एकाला नोझल दाखवत होतो, तर समोर चंद्राक्का उभी. पायात धूळ, डोक्यावरचा पदर खोचलेला.

"अण्णा, मेहकरला चला."

"कामून?"

"माझं नाव जायलंय."

तिनं सांगितलं ते असं. येळवशीच्या थोडं आधी तिनं गावातल्याच माणिकरावांच्या उसात तणनाशक मारलं होतं. माणिकरावांच्या उसाला लागून अप्पांचा हरभरा. आता अप्पांच्या हरभऱ्याचे शेंडे वाकडे झाले, पानं आखडली. अप्पा म्हणाले औषध उडून आलं, आणि अप्पा म्हणाले म्हणजे गाव म्हणालं. माणिकरावांनी उरलेल्या उसात येऊ नको म्हणून निरोप दिला. अजून दोघांनी ठरलेली गुत्ती मोडली.

"म्या वारा बगून मारले अण्णा. पट्ट्यानं मारले. लोक म्हनायलेत, बाईमानसाच्या हातात पंप दिला की असंच व्हनार." मग तिनं थेट माझ्याकडे बघितलं. "तुमी बगा. माझ्या हातून झालं असंल तर तोंडावर सांगा. पंप तुमच्याच दुकानी आनून ठेवते, पुन्ना पाठीला लावनार न्हाई. घरात तेवढ्यावरच चुल पेटती, तरी बी न्हाई लावनार."

ती हे रडून म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती भांडल्यासारखी म्हणाली. मी मुलाला दुकान बघ म्हणालो आणि स्कूटर काढली. वाटेत मी एकच मागणं मागत होतो, की तिची चूक नसू दे. असती तर मला खोटं बोलता आलं नसतं, आणि खरं बोलून मी आमच्या तालुक्यातला सगळ्यात चांगला हात बसवून ठेवला असता.

रानात अप्पा होते, माणिकराव होते, बांधावर पाच-दहा माणसं उगाच जमली होती. हरभरा घाट्याला आलेला. उसाच्या बाजूची झाडं मी वाकून बघितली. औषध लागलेलं होतं, शंका नाही. शेंडे खाली वाकून पिळलेले.

पण उडून आलेल्या औषधाची एक रीत असते. ते कडेला जास्त लागतं आणि आत जाईल तसं कमी कमी होत विरतं. इथं तसं नव्हतं. कडेच्या काही ओळी वाकड्या आणि त्याच्या आतली ओळ एकदम ताठ, जणू दोरी लावून रेघ मारली होती. मी कडेनं चालायला लागलो. चंद्राक्का माझ्या मागे. उसाची बाजू संपली, कोपरा वळलो, तरी वाकड्या ओळी चालूच. पलीकडे ओढा, तिकडे ऊस नाही की काही नाही, तिथंही त्याच मापाचा पट्टा. चारी बाजूंनी तसंच. कोपऱ्यावर जरा जास्त, कोणी तिथं थांबून वळल्यासारखं. आणि रानाच्या मधे येळवशीची कोप अजून उभी होती. तिच्याभोवती हरभरा सगळ्यात जास्त जळाला होता, बरोबर गोल.

"वारा काय रानाला फेरी मारून गेला का?" मी म्हणालो. "अप्पा, तुमचा पंप बगू."

कोणीतरी आखाड्यावरून पंप आणला. त्याला मी दिलेलं कट नोझल होतं. मी ते उघडलं. आतल्या जाळीला पांढरा पापुद्रा धरला होता, वाळलेला. बोटानं खरडून नाकाशी नेला आणि मला लसणाचा वास आला. मी न बोलता ते चंद्राक्काच्या हातात दिलं. तिनं हुंगलं. दर वर्षी घरात अंबील शिजवणारी बाई ती, तिला दुसऱ्यांदा हुंगायची गरज पडली नाही. तिनं कोपीकडे बघितलं, मग अप्पांकडे, त्यांच्या जपून धरलेल्या उजव्या हाताकडे.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "अण्णा, थांबा. म्या बोलते."

ती अप्पांपुढे गेली. "अप्पा, येळवशीच्या आधी पंप कुनी नेला होता?"

"आता ते कुठं ध्यानात ऱ्हातंय बाई. नेतेत, आनून टांगतेत."

"त्यानं तन मारलं असंल आन् धुतला नसंल. एका पान्यानं जात न्हाई ते, टाकीला धरून ऱ्हातं. मागून तुमी त्याच पंपानं कडंनं कायतरी मारलाव असंल." मग ती माणसांकडे वळली. "हे उडून आलेलं न्हाई. चारी बाजूनं हाय, तुमीच चालून बगा. पंप धुतला न्हवता, एवढंच झालंय."

मला वाटलं, मिटलं. पण माणिकराव मोठे चौकस.

"नुसतं कडंनं? हरभऱ्याला कडंकडंनं कोन औषध मारतं? अन् कोपीला कोन मारतं?"

चंद्राक्कानं हातातल्या नोझलकडे बघितलं. एक शब्द बोलली असती तर तिचं नाव तिथल्या तिथं धुऊन निघालं असतं. तो शब्द तिच्या हातात, नोझलच्या जाळीला चिकटलेला होता. तिनं मूठ मिटली.

"ते त्यास्नी इचारू नका. माझं काम न्हवं, एवढं कळलं का तुमाला?"

"न्हाई कळलं," माणिकराव म्हणाले. "आमाला कसं कळनार? तूच सांग की."

तिनं सांगितलं नाही. मी तिच्याकडे बघत होतो आणि माझ्याच्यानं राहवत नव्हतं. आयुष्यभर मी कोणाच्या रानात काय कशानं झालं ते मोठ्यानं सांगत आलो, त्यातच मला माझी हुशारी वाटायची. त्या दिवशी तिच्या मिटलेल्या मुठीपुढे मी गप्प बसलो.

अप्पा बांधावर खाली बसले. डाव्या हातानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"अंबील म्या पंपानं शिंपलो," ते म्हणाले.

मग त्यांनी कोपीकडे मान वळवली.

"पोरं आली न्हाईत औंदा. सुट्टी न्हाई म्हनले. बिंदगी धरायला कोन न्हाई, आन् माझा खांदा वर जायना. दुसऱ्याला कसं म्हनू, माझ्या रानात माझ्याच हातानं पडाया पायजे. पंपाला हात उचलावा लागत न्हाई. पातळ करून, गाळून भरलो. लई बेस पडायलंय म्हनून कोपीपाशी दोनदा मारलो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लक्ष्मीला म्या काय पाजलो, शिवाण्णा?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पंपातून अंबील, हसण्यासारखंच होतं म्हणा. मलाही दुसऱ्या कोणाचं असतं तर हसू आलं असतं. चंद्राक्का गर्रकन वळली.

"हसायला काय झालं? ह्येच पंप मागायला ह्येंच्या आखाड्यावर येताव, आन् ह्येंनाच हसायलाव व्हय? पंप घान करून टांगनारा तुमच्यातच हुबा हाय. त्यानं आपल्या आपन समजावं."

हसणं थांबलं. पण कोणी पुढे आलं नाही. प्रत्येकानं कधी ना कधी तो पंप नेला होता आणि प्रत्येकजण मनात आठवत होता की आपण तो कसा टांगला. माणिकरावांनी खांद्यावरचा टॉवेल उगाच सारखा केला.

अप्पा उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चंद्रकला, तुझ्यावर आळ म्या घेतलो. चुकलं माझं."

"असू द्या अप्पा. हरभऱ्याला पानी द्या. आतलं चांगलं हाय, ते कुठं जात न्हाई."

तसंच झालं. कडेच्या ओळींना घाटे धरले नाहीत, आतल्या हरभऱ्याला मात्र अप्पांना नाव ठेवता आलं नाही. मोडलेली गुत्ती परत आली. माणिकराव दुसऱ्याच दिवशी उरलेल्या उसासाठी बोलवायला गेले. ती गेली, बांधावर काठी रोवली, चिंधी बांधली, ती जराशी हलली आणि ही भाकरी सोडून बसली. माणिकराव दिवसभर उसाच्या कडेला उभे होते आणि त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, हे मला त्यांच्या सालगड्यानं चवीनं सांगितलं. अप्पांनी पंप देणं बंद केलं नाही. फक्त आता खुंटीला पंपाशेजारी धुण्याच्या सोड्याची पुडी टांगलेली असते, आणि नेणाराला ती बरोबर न्यावीच लागते.

हल्ली आमच्याकडे ड्रोन आले आहेत. रानावरून भुंग्यासारखे फिरतात, घटकाभरात काम उरकतात. वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्यांनाही नोझल लागतंच आणि तेही कोणीतरी निवडावंच लागतं. पण ते उडवणारा कधी बांधावर काठी रोवून बसलेला मला दिसला नाही, याचं वाईट वाटतं. माझ्या हयातीत जे थोडं शहाणपण या कामात आलं ते अशा काठी रोवणाऱ्या माणसांमुळे आलं. आणि त्यांतली पहिली चंद्राक्का, हे मी कुठंही सांगेन.

पुढच्या येळवशीला अप्पांनी मला रानात जेवायला बोलावलं. या वेळी त्यांची दोन्ही मुलं हैदराबादहून आली होती, सुना-नातवंडांसह. कोप बांधलेली, पांडवांना चुना लावलेला, भज्जीचा वास सुटलेला. पूजा झाली. थोरला मुलगा पँट दुमडून अंबील शिंपायला पुढे झाला.

"थांब," अप्पा म्हणाले. "चंद्रकला शिंपती."

ती नवऱ्याबरोबर जेवायला आलेली होती, बायकांत बसली होती. तिला वाटलं, ऐकण्यात चुकलं. "म्या? अप्पा, बाईमानसानं कधी शिंपलं न्हाई."

"तुझा हात सारका पडतो. ऊठ."

थोरला माझ्याकडे बघायला लागला. मी पुढे होऊन बिंदगी काखेला घेतली, कारण तिच्या मागून ती धरून चालायला कोणीतरी लागणारच होतं. चंद्राक्का उठली, पदर खोचला, कमरेचा जुडगा काढून नवऱ्याच्या हातात दिला. पण बिंदगीत हात घालायला तयार होईना. इकडे तिकडे पाणी शोधायला लागली.

अप्पांनी डाव्या हातानं तांब्या उचलला आणि तिच्या हातांवर पाणी धरलं. एवढ्या वयाचा, एवढ्या मोठ्या घरचा माणूस. तिनं हात चोळून धुतले. त्यांनी पुन्हा धरलं, तिनं पुन्हा धुतले आणि तांब्या संपला. मुलगा म्हणाला, झालं की आता, अंबील आंबून चाललीय.

अप्पांनी रिकामा तांब्या त्याच्या हातात दिला. "जा, अजून आन," ते म्हणाले. "तिसरं पानी ऱ्हायलंय."